लग्नं, गोदाआरती आणि सिंहस्थ: अंधारासाठी सोनी ए७एस थ्री, कॅनन आर६ मार्क टू की निकॉन झेड६ थ्री?

तुझा प्रश्न असा आहे की नाशिकमध्ये लग्नाची कामं करतोस, आत्ता निकॉन डी७५० आहे, सोबत २४-१२० एफ ४ आणि ५० एफ १.८, निम्म्याहून जास्त काम संध्याकाळनंतर लॉन्सवर असतं, अधूनमधून रामकुंडावर आरती शूट करतोस आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी आत्तापासून तयारी करायची आहे, तर सोनी ए७एस थ्री, कॅनन आर६ मार्क टू आणि निकॉन झेड६ थ्री यातला अंधारात सगळ्यात भारी कोणता. आधी सरळ उत्तर देतो. व्हिडिओ तुझ्या कामाच्या अर्ध्याहून जास्त असेल तरच ए७एस थ्री घे. फोटो मुख्य असतील तर झेड६ थ्री किंवा आर६ मार्क टू, आणि तुझ्याकडे निकॉनच्या लेन्स आहेत म्हणून माझा कल झेड६ थ्रीकडे. पण बॉडीच्या आधी लेन्सचं बघ, कारण तुझा खरा अंधार तिथे आहे.

नॉइज म्हणजे कॅमेऱ्याचा दोष असं आपण धरून चालतो, पण आत्ताच्या फुलफ्रेम बॉडीत जो दाणा दिसतो त्यातला बहुतेक प्रकाशाचाच असतो. प्रकाश कणाकणाने येतो, फोटॉन मोजके असले की त्यांचा पडण्याचा चढउतार दिसायला लागतो, आणि हे गणित वर्गमुळाचं आहे, म्हणजे प्रकाश चौपट केला की फोटो दुप्पट स्वच्छ होतो. तिन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरच, तिन्ही आलेला प्रकाश चांगलाच पकडतात, मग फरक उरतो कितीसा? फोटो एकाच साईजला आणून शेजारी ठेवलेस तर आयएसओ (प्रकाशाचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) १६०० ते १२८०० मध्ये तुझा क्लायंट सोड, तूसुद्धा खात्रीने सांगू शकणार नाहीस कोणता कुणाचा. २५६०० च्या वर गेलं की ए७एस थ्री सावल्यांमधला रंग जरा जास्त सांभाळतो, एवढं खरं आहे, पण तोही फरक एका स्टॉपच्या (म्हणजे दुप्पट-निम्म्या प्रकाशाच्या) आतला.

ए७एस थ्री १२ मेगापिक्सेलचा, बाकी दोन २४ चे. १२ मेगापिक्सेल म्हणजे मोठे पिक्सेल म्हणजे कमी नॉइज, हे जे सगळे सांगतात ते शंभर टक्के झूम करून बघितल्यामुळे वाटतं. १२ वाला शंभर टक्क्यावर बघतोस तेव्हा तू फोटो लांबून बघतोयस आणि २४ वाला जवळून, मग जवळून दाणा दिसणारच. २४ चा फोटो १२ वर आणला की दाणा तिथेच दबतो. उलट बाजूने काय जातं ते बघ: आपल्याकडचा अल्बम १२ बाय ३६ चा, उघडल्यावर पूर्ण शीटभर एकच फोटो लावायची डिझायनरला फार हौस असते. ए७एस थ्रीचा फोटो ४२४० पिक्सेल रुंद, तो ३६ इंचावर ताणला की इंचाला जेमतेम ११८ पिक्सेल मिळतात. झेड६ थ्री आणि आर६ मार्क टूचा सहा हजाराच्या आसपास रुंद, म्हणजे इंचाला १६६-१६८. अल्बम हातात घेऊन बघतात, त्यामुळे हा फरक शालूच्या जरीत कळतो, आणि वर फोटो थोडा क्रॉप करावा लागला, जो लग्नात नेहमीच करावा लागतो, की १२ वाल्याकडे काहीच शिल्लक राहत नाही. लग्नाच्या फोटोंसाठी म्हणूनच मी ए७एस थ्री सुचवत नाही.

आता लेन्स. तू २४-१२० वर एफ ४ ला काम करतोस. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक (ॲपर्चर) मोठं आणि प्रकाश जास्त. एफ ४ वरून एफ १.८ ला आलास की प्रकाश जवळजवळ पाचपट होतो. म्हणजे जिथे आयएसओ १२८०० लागत होता तिथे तोच शटर ठेवून २६०० च्या आसपास भागतं. बाजारातली कुठलीही बॉडी डी७५० च्या तुलनेत तुला एवढी उडी देणार नाही. २०१४ सालचा डी७५० आणि त्यावर ८५ एफ १.८ हे कॉम्बिनेशन एफ ४ लावलेल्या नव्या कोऱ्या मिररलेसपेक्षा (आत आरसा नसलेले कॅमेरे, हे तिन्ही तसलेच) स्वच्छ फोटो देईल, हे तू उद्याच एखाद्याकडून ८५ मागून बघू शकतोस.

पण एफ १.८ ची किंमतही समजून घे, कारण ती फोकसमध्ये द्यावी लागते. ८५ ला एफ १.८ वर दोन मीटरवरून शूट केलंस तर शार्प भाग पुढेमागे मिळून सहा सेंटिमीटरच्या आसपास असतो. नवरीच्या एकटीच्या क्लोजअपला चालतं, नथ शार्प डोळे शार्प आणि बुगडी मऊ, छान दिसतं. वरमालेला मात्र दोघं एका रेषेत नसतात, एकजण नक्की मऊ होतो, तिथे एफ २.८ ला जा आणि आयएसओ वाढू दे. दाणेदार फोटो अल्बममध्ये जातो, फोकस चुकलेला जात नाही. मी एका अल्बममध्ये आयएसओ १२८०० चे फोटो बेधडक देतो आणि आजवर कुणी आयएसओ विचारलेला नाही.

फोकसवरच जास्त बोलायला हवं, कारण अंधारात या तिघांतला खरा फरक इथे आहे आणि इथेच आकड्यांनी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कंपनीच्या कागदावर झेड६ थ्री उणे १० ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे प्रकाशाची पातळी, जितकं उणे तितका अंधार) फोकस करतो, आर६ मार्क टू उणे ६.५ आणि ए७एस थ्री उणे ६. वाचून वाटतं निकॉन तर किती पुढे. पण निकॉन आणि कॅनन हा आकडा एफ १.२ लेन्स धरून देतात आणि सोनी एफ २ धरून, म्हणजे सोनीला तिथेच दीड स्टॉपचा तोटा आहे, तो धरला की सोनी कॅननच्या मागे नाही, उलट साधारण एक स्टॉप पुढे निघतो. शिवाय हे आकडे स्थिर वस्तूवर, सिंगल फोकसमध्ये मोजलेले असतात. तुझं काम किती अंधारात असतं तेही बघ, १/२०० शटर, एफ १.८, आयएसओ ६४००, हे संगीतच्या डान्स फ्लोअरचं नेहमीचं सेटिंग, आणि याचा ईव्ही निघतो तीनच्या थोडा वर. अधिक तीन! उणे सहा काय आणि उणे दहा काय, दोन्ही तुझ्या गरजेच्या कितीतरी पलीकडे आहेत. तरीही कॅमेरा हंट करतोच ना, म्हणजे फोकस शोधत पुढेमागे जात राहतो? करतो, कारण तिथे अडचण प्रकाश कमी असण्याची नसते, कॉन्ट्रास्ट नसण्याची असते, म्हणजे समोर होमाचा नाहीतर स्मोक मशीनचा धूर, मागून शार्पी (स्टेजची झोतवाली लाइट) डोळ्यात येतेय आणि नवरदेवाच्या तोंडावर मुंडावळ्या.

यातली एक गोष्ट अगदी जवळून सांगतो, लग्न करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगाची आहे. अंतरपाट धरला आहे, मंगलाष्टकं चालू आहेत, तू वधूच्या बाजूने उभा आहेस आणि फोकस पॉइंट अंतरपाटाच्या वरच्या कडेवर ठेवलास. मिररलेस कॅमेरा ती कड पकडतच नाही, पुढेमागे जात राहतो. कारण या तिन्ही कॅमेऱ्यांतले सेन्सरवरचे फेज डिटेक्ट पिक्सेल (फोकस मोजणारे) एकाच दिशेने बघतात, उभ्या रेषा त्यांना लगेच कळतात, आडव्या रेषा जवळजवळ दिसत नाहीत. तुझ्या डी७५० मध्ये ५१ पैकी मधले १५ पॉइंट क्रॉस टाइप आहेत, ते दोन्ही दिशांनी बघतात, म्हणून जुना डीएसएलआर तिथे पटकन लॉक होतो आणि लोक म्हणतात नवीन कॅमेऱ्याचा फोकस बेकार. बेकार नाहीये, त्याला उभी रेष दे. अंतरपाटावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक असतं, त्याच्या उभ्या रेघेवर पॉइंट ठेव, एका क्षणात लॉक. तेही नसेल तर कॅमेरा जरा तिरका धर, फोकस लॉक कर, मग सरळ करून फ्रेम घे. पैठणीच्या आडव्या काठावर, मांडवाच्या आडव्या पट्टीवर, सगळीकडे हेच लागू आहे.

अजून एक, निकॉनचे झेड कॅमेरे एफ ५.६ पर्यंत तू ठेवलेल्या ॲपर्चरवरच फोकस करतात. एफ १.८ ची लेन्स लावून ग्रुपसाठी एफ ४ केलंस तर फोकससुद्धा एफ ४ च्याच प्रकाशात होतो, म्हणून अंधारात ग्रुप घेताना झेड६ थ्री थोडा रेंगाळल्यासारखा वाटेल, तेव्हा आधी एफ १.८ ला लॉक करून मग ॲपर्चर बंद करायची सवय लाव. चेहरा अर्धा झाकला, हातवारे मध्ये आले, माणूस वळून परत आला, अशा वेळी डोळा धरून ठेवण्यात आर६ मार्क टू मला या तिघांत सगळ्यात भरवशाचा वाटला, झेड६ थ्री त्याच्या बऱ्यापैकी जवळ आला आहे. ए७एस थ्री २०२० चा आहे, बाकी दोन अनुक्रमे २०२२ आणि २०२४ चे, ते अंतर ट्रॅकिंगमध्ये दिसतं.

एलईडीच्या पट्ट्या हा वेगळाच ताप आहे. आपली वीज ५० हर्ट्झ, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, तिथे १/५० किंवा १/१०० शटर ठेवला की सुटका होते. पण लॉन्सवरचे एलईडी पार (रंगीत स्टेज दिवे), स्टेजमागची एलईडी वॉल, यांचा डिमर स्वतःच्याच वेगाने दिवा चालूबंद करत असतो आणि तो वेग प्रत्येक डेकोरेटरच्या मालाप्रमाणे बदलतो. मंगलाष्टकांत आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलास तर आर६ मार्क टू आणि झेड६ थ्री दोघांचाही सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला साधारण १४-१५ मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात दिवा कितीतरी वेळा चालूबंद होतो आणि फोटोभर पट्ट्या येतात. झेड८ सारख्या स्टॅक्ड सेन्सरला हेच वाचायला ४ मिलिसेकंदाच्या आसपास लागतात म्हणून तिथे त्रास कमी, पण तो ४५ मेगापिक्सेलचा आणि वेगळ्या बजेटचा कॅमेरा आहे. तू लॉन्सवर मेकॅनिकल शटरच वापर, तिन्हीत आहे. आर६ मार्क टू आणि झेड६ थ्रीमध्ये हाय फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन आहे, त्यात शटर १/२०० ऐवजी अगदी बारीक दशांशात फिरवता येतो, स्क्रीनवर पट्ट्या नाहीशा होईपर्यंत फिरवायचा आणि लगेच त्या जागेचा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा. त्याच लॉनवर पुढच्या सीझनला तोच डेकोरेटर असला तर कामाला येतो.

रंगाचं पण तसंच, कॅमेरा बदलून फार फरक पडत नाही. निळ्या-जांभळ्या पार दिव्यांखाली हळदीचा चेहरा सपाट मेणासारखा दिसतो कारण सगळा प्रकाश एकाच चॅनेलमध्ये जातो, तो चॅनेल फुटतो आणि बाकीचे उपाशी राहतात. साधा हिस्टोग्राम बघशील तर सगळं ठीक वाटेल, आरजीबी हिस्टोग्राम लाव म्हणजे निळा कुठे आपटतोय ते दिसेल, आणि तो आपटत असेल तर एक्स्पोजर खाली घे, व्हाईट बॅलन्सने तो परत येत नाही. डेकोरेटरच्या माणसाला चहा पाजून दोन दिवे वॉर्म व्हाईट करून घेणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय.

रामकुंडावर उलटं होतं. आरतीच्या ज्योतीच्या प्रकाशात निळा रंग जवळजवळ नसतोच, म्हणून सावल्यांमधला नॉइज निळ्या चॅनेलमध्ये साठतो आणि पुजाऱ्यांच्या सोवळ्याच्या घड्यांत डाग डाग दिसतात, त्यात घाटावरच्या हायमास्टचा थंड पांढरा प्रकाश मागून मिसळतो. व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवलास तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल, त्यापेक्षा ३२०० ते ३५०० केल्विनवर पक्का ठेव, ज्योत केशरी राहू दे, ती केशरीच असते. मीटरिंग हायलाइट वेटेड (उजळ भाग जपून एक्स्पोजर ठरवणारं), हे झेड६ थ्रीत आहे, ए७एस थ्रीत आहे आणि तुझ्या डी७५० मध्येपण आहे, वापरून बघ. ज्योतीचा गाभा पांढरा जाणारच, त्याच्याभोवतीचा पिवळा टिकला पाहिजे. आणि दिव्यांचा तो मोठा फेरा घेताना हात भरभर फिरतात, तिथे बॉडीतलं स्टॅबिलायझेशन काहीही मदत करत नाही, ते तुझा हात थांबवतं, त्यांचा नाही, शटर १/२०० तरी पाहिजे. स्टॅबिलायझेशनचा उपयोग आरती संपल्यावर, पाण्यात सोडलेल्या द्रोणातल्या दिव्यांचे लांबट पडसाद घ्यायला, १/४ सेकंद हातात धरून मिळतो, तिन्ही कॅमेऱ्यांत ते आहे, डी७५० मध्ये नाही, हा मात्र तुला नवीन बॉडीचा खरा फायदा.

झेड६ थ्रीबद्दल एक गोष्ट ऐकली असशील की त्याची डायनॅमिक रेंज (उजळ आणि काळ्या भागांतला तपशील एकदम धरायची ताकद) जुन्या झेड६ टूपेक्षा कमी आहे. बरोबर आहे, पण ती बेस आयएसओच्या आसपास. पांडवलेणीवरून दुपारी फोटो काढून काळ्या सावल्या चार स्टॉप वर ओढशील तेव्हा दिसेल. आयएसओ ३२०० ला फरक विरून जातो, त्यामुळे अंधाराच्या प्रश्नात त्याला फार वजन देऊ नकोस.

व्हिडिओत ए७एस थ्रीचं कौतुक खरं आहे. एस-लॉग थ्रीमध्ये (सोनीचं फिकट व्हिडिओ प्रोफाइल, रंग नंतर चढवायचे) त्याचा बेस आयएसओ ६४०, आणि वर १२८०० च्या आसपास सेन्सर दुसऱ्या गेनवर (सिग्नल वाढवायच्या पातळीवर) जातो, तिथे चित्र एकदम परत स्वच्छ होतं, ६४००-१०००० ला जेवढी घाण दिसते तेवढी १२८०० ला दिसत नाही. वरात गल्लीत आहे, फक्त बँडवाल्यांच्या डोक्यावरचे दिवे आणि फटाके, अशा ठिकाणी तो जे दाखवतो ते बाकी दोघांना जमत नाही, आणि व्हिडिओला ४के पुरतं, तिथे १२ मेगापिक्सेल कमी पडत नाहीत. तुझा पार्टनर फक्त सिनेमॅटिक करत असेल तर त्याने तो घ्यावा.

सिंहस्थाचं गणित वेगळं आहे. अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, म्हणजे भर पावसाळा, आखाड्यांचं स्नान उजाडायच्या आधीपासून सुरू, आणि नाशिकला रामकुंडावर वैष्णव आखाडे तर त्र्यंबकला कुशावर्तावर शैव. गर्दीत बॅरिकेडच्या आत तुला हवं तिथे सरकता येणार नाही, म्हणून २०, ३५ च्या प्राइम (झूम नसलेल्या लेन्स) घेऊन भागत नाही, ७०-२०० एफ २.८ लागतेच, आणि त्या पहाटे आयएसओ १२८०० ते २५६०० ची मनाची तयारी ठेव. घाटावर लेन्स बदलायची नाही, पावसाचा शिंतोडा सेन्सरवर गेला की दिवसभराचे फोटो डागाळतात. दोन बॉडी पाहिजेत, एकावर ७०-२०० आणि दुसऱ्यावर रुंद, दोन्हींना रेनकव्हर. एसीच्या खोलीतून थेट घाटावर आलास तर लेन्सवर वाफ धरते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं तशीच जातात, त्यामुळे बॅग आदल्या रात्री एसी नसलेल्या खोलीत ठेव.

म्हणूनच डी७५० विकू नकोस, दुसरी बॉडी तीच. एफटीझेड अडॅप्टर (डीएसएलआरची निकॉन लेन्स झेड बॉडीवर बसवणारा) घेतलास तर तुझी ५० एफ १.८ जी आणि पुढे घेशील ती कुठलीही एएफ-एस लेन्स दोन्ही बॉडीवर ऑटोफोकससकट चालेल, जुन्या एएफ-डी लेन्स मात्र मिररलेसवर ऑटोफोकस करणार नाहीत, सेकंडहँड घेताना नाव नीट वाच. कॅननला गेलास तर लेन्स नव्याने, पण ईएफच्या (कॅननच्या डीएसएलआरच्या) जुन्या लेन्स अडॅप्टरवर फार सुंदर चालतात आणि नाशिकमध्ये सेकंडहँड ईएफ ७०-२०० शोधायला वेळ लागत नाही. सोनीत सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सचा पर्याय सगळ्यात मोठा. कार्डांचा खर्चही धर, आर६ मार्क टूत दोन्ही एसडी, झेड६ थ्रीत एक एसडी आणि एक सीएफएक्स्प्रेस टाइप बी, ए७एस थ्रीच्या दोन्ही खोबणींत एसडी किंवा सीएफएक्स्प्रेस टाइप ए. लग्नात दोन कार्डांवर एकदम सेव्ह करणं ठेवच, त्यामुळे दोन्ही खोबणींची कार्डं बजेटमध्ये पकड.

रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) शूट करत नसशील तर आधी ते सुरू कर. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून आलेलं डीनॉइज रॉवर चालतं आणि आयएसओ १२८०० चा फोटो ३२०० सारखा करून देतं, डी७५० च्या जुन्या फायलींवरसुद्धा. फक्त पीसीला चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला मिनिटं जातात, मग निवडलेल्या फोटोंनाच लाव. त्याच्या भरवशावर फोटो दोन स्टॉप काळा काढून नंतर उचलायचा प्रकार मात्र करू नको, प्रकाश कमी पडला की चेहऱ्याची खरी त्वचा फाइलमध्ये नसतेच, सॉफ्टवेअर ती स्वतःच्या मनाने रंगवतं, आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या की घरच्यांना ते सगळ्यात आधी कळतं.

खरेदीचा क्रम मी असा लावीन. या सीझनला ८५ एफ १.८ जी सेकंडहँड, डी७५० वरच. सीझनच्या कमाईतून झेड६ थ्री आणि एफटीझेड, पक्क्या बिलासकट, ग्रे मार्केटचा (अधिकृत विक्रेत्याशिवाय आलेला) स्वस्त पीस नको, कारण पावसात बॉडी गेली तर वॉरंटी इथेच लागणार. ७०-२०० सिंहस्थाच्या आधी, शक्यतो २०२७ उजाडताना, म्हणजे पावसाच्या आत चार-सहा लग्नांत हात बसेल. आणि झेड६ थ्रीचे पैसे भरण्याआधी तो आणि आर६ मार्क टू एका संध्याकाळसाठी भाड्याने घेऊन रामकुंडावर जा, दोघांवर ८५ च्या आसपासची लेन्स, एफ १.८, १/२००, आयएसओ ६४००, एकाच जागेवरून, आरतीच्या आधी अर्धा तास आणि आरतीत. घरी येऊन नॉइज बघू नको, दोन्हीकडे शंभर-शंभर फ्रेममध्ये डोळा शार्प किती आले ते मोज, ज्याचे जास्त तो तुझा.